घळीतलं घड्याळ

१२ जानेवारी, सोमवार

घळीतल्या पेटीचं घड्याळ आज फक्त तीन सेकंद मागे निघालं. चार आठवड्यांत तीन! गेल्या थंडीत ते तेवढ्याच दिवसांत अर्धं मिनिट खायचं. म्हणजे तापमानाचा जो हिशेब मी त्याच्यात घालून आले होते, तो लागू पडला. खांबाला टेकून एकटीच हसले. खाली होडीतून कप्तान ओरडला, "ताई, काय सापडलं?" म्हटलं, "सत्तावीस सेकंद." तो म्हणाला, "मग निम्मे मला द्या."

कप्तान म्हणजे आमचा नावाडी. घळीत रस्ता नाही, त्याच्याच होडीतून जावं लागतं. घड्याळ वापरत नाही. दर खेपेला विचारतो, "खरे किती वाजले? सरकारी नकोत."

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "तू नक्की करतेस काय गं? लोक विचारतात, मी 'नदीचं काहीतरी' म्हणून सोडवून घेते." त्यांना समजावलं. नदीत ठिकठिकाणी पाण्याची उंची मोजणारे सेन्सर आहेत. ते आपलं मोजमाप बिनतारी पाठवतात. खांबावरच्या पेट्या, म्हणजे गेटवे, ते गोळा करतात, वेळेचा शिक्का मारतात आणि कार्यालयात धाडतात.

"म्हणजे पोस्ट."

"हो. आणि मी शिक्क्यावरची वेळ सांभाळते."

"एवढ्यासाठी पगार देतात?"

बाकीच्या पेट्यांना उपग्रहाकडून वेळ मिळते. घळीत आभाळ फक्त पट्टीएवढं दिसतं, उपग्रह सापडत नाहीत. तिथली पेटी स्वतःच्या घड्याळावर जगते, आणि थंडीत ते रेंगाळतं. म्हणून मी जाते.

रात्री मास्तरांना फोन करून तीन सेकंदांचं सांगितलं. मास्तर आता धरणाचे मुख्य अभियंता आहेत, पण मला त्यांनी तंत्रशाळेत शिकवलं, तेव्हापासून मास्तरच. ही नोकरीही त्यांच्याच शब्दावर मिळाली. म्हणाले, "शाब्बास सेकंदबाई! नदीला लाज वाटेल आता उशिरा यायची." चाळिशीला आले, तरी त्यांच्या शाबासकीने पोटात अजून गुदगुल्या होतात.

२९ जानेवारी, गुरुवार

कप्तान गेला.

दुपारी धरणातून पाणी सोडलं. तो घळीतल्या गोट्यांच्या काठावर जुनी होडी उपडी घालून तिला डांबर लावत होता. वाहून गेला. वळणाच्या झाडांत सापडला.

भोंगा वाजला होता म्हणतात. पाणी सोडायच्या आधी अर्धा तास भोंगा वाजवायचा असा नियम आहे. मग तो हलला का नाही? घळीतला भोंग्याचा खांब तर त्याच्या डोक्यावरच होता.

३० जानेवारी, शुक्रवार

कार्यालयात आलेली मोजमापं सकाळी उघडली. तीनदा पाहिली.

भोंगा वाजला दोन वाजून एकवीस मिनिटांनी. ही वेळ धरणाच्या नियंत्रण कक्षाची, तिच्यावर वाद नाही. दरवाजे उघडले दोन एक्कावन्नला, असं तिथल्या नोंदीत आहे. घळ धरणाच्या पायाशीच, पाणी तिथे लगेच पोचतं. पण घळीतली पेटी म्हणते, पाणी चढलं ते दोन वाजून दहा मिनिटांनी. म्हणजे आधी पाणी आलं, मग भोंगा वाजला. अकरा मिनिटांनी.

कोणालाही न सांगता नोंदीचा कागद घेऊन तडक मास्तरांकडे गेले. त्यांनी कागद पाहिला आणि चष्मा काढून पुसत बसले.

"कोणाला दाखवलंस?"

"तुम्हालाच पहिलं."

"बरं केलंस." मग म्हणाले, "घळीतलं घड्याळ आहे हे. घाई नको करायला. माणूस गेलाय, एका आकड्यावर कोणाचा तरी गळा कापला जाईल. मी बघतो."

खरंच आहे. हा कागद मी दुसऱ्या कोणाच्या हाती दिला असता तर नुसता धुरळा उडाला असता. आपल्या वरती असं एक डोकं शांत असलं की बरं असतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

चौकशी समिती नेमली. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीशबाई आहेत.

गावात कुजबुज आहे की कप्तान प्यायलेला होता, म्हणून भोंगा ऐकूनही उठला नाही. कोण उठवतं हे? तो म्हणायचा, पाण्यावर पोट असलेल्याने ग्लासातलंही जपून प्यावं. चहासुद्धा अर्धाच घ्यायचा.

मी रडत होते ते मास्तरांनी पाहिलं. म्हणाले, "तू दोन आठवडे सुट्टी घे. घळीकडे तर फिरकूच नकोस, तुला झेपणार नाही. तिथली बॅटरी बदलायला आलीच आहे, मी माणसं पाठवतो. किल्ली ठेवून जा." किल्ली दिली. खरंच, त्या काठावर पाय ठेवायची हिंमत नव्हती माझ्यात. न सांगता त्यांनी ओळखलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

मास्तरांकडे जेवायला बोलावलं होतं. काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, मला बघून म्हणाल्या, "हाडं राहिलीत नुसती." ताटात वाढतच होत्या.

एक पाहुणे होते. मास्तरांचे जुने स्नेही, फार गोड माणूस. त्यांना आमच्या कामाचं भलतंच कुतूहल. मास्तर म्हणाले, "सांग यांना, घड्याळं कशी वागतात. माझ्यापेक्षा तू छान सांगतेस." मग काय, मी सुटलेच. सांगितलं की पूर्ण बरोबर घड्याळ जगात नसतं, किती चूक आहे हे ठाऊक असणं हीच अचूकता. घड्याळाचा ठेका धरणारा क्रिस्टल थंडीत कसा सुस्तावतो, बॅटरी उतरली की काय होतं, सगळं. त्यांनी विचारलं, "सगळ्यात मोठी चूक किती झाली हो?" मी पहिल्या वर्षीची गंमत सांगितली. घळीतली बॅटरी संपली होती आणि घड्याळ एकदम १९७० सालात, म्हणजे संगणकाच्या शून्यावर, जाऊन बसलं होतं. दोन दिवस आमची नदी माझ्या जन्माच्या आधीची वाहत होती! पाहुणे पोट धरून हसले. वहीत टिपूनही घेतलं. म्हणाले, "हे विसरता कामा नये."

बऱ्याच दिवसांनी हसले. परतताना मास्तरांनी कार्यालयाच्या संगणकाचा माझा पासवर्डही मागून घेतला, सुट्टीत कामं अडायला नकोत म्हणून. माझी किती काळजी करतात.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सासूबाईंना कालचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तो पाहुणा करतो काय?"

"नाही विचारलं."

"आणि तुला मात्र सगळं विचारलं." त्यांनी पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या तारा जोडल्या. म्हणतात, माणूस खोटं बोलायच्या आधी श्वास घेतो तो वेगळा असतो. आता कान अर्धे गेलेत, संशय तेवढा शाबूत आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सुट्टी संपली, किल्ली परत मिळाली, आज घळीत गेले. होडी भाड्याची, नावाडी अनोळखी. मी मनात एक गोष्ट धरून गेले होते. घड्याळ आज किती मागे आहे ते मोजायचं. जानेवारीत मी ते लावलं होतं. तेव्हापासून किती चुकलं हे कळलं की त्या दिवशी किती चुकलं असेल ते निघतं. सरळ त्रैराशिक.

पेटी उघडली. आत सगळं नवं. बॅटरी नवी, घड्याळाचा भाग नवा, वेळ परवाच लावलेली. माझा तापमानाचा हिशेबही नाही. जुन्याचा मागमूस नाही.

मास्तरांना फोन केला. म्हणाले, "अगं, पोरांना बॅटरी बदला म्हटलं तर त्यांनी सगळंच बदललं. उत्साही असतात. जुनं भंगारात गेलं असेल. आता काय करणार?"

खरंच, काय करणार. पण परतताना होडीत एक गोष्ट मनातून जाईना. बॅटरी मागितली तर आमच्या खात्यातून ती तीन महिन्यांनी मिळते. मास्तरांना पूर्ण संच तीन आठवड्यांच्या आत कसा मिळाला?

छे. वाईट दिवस आले की माणूस देवमाणसावरही संशय घेतो. नवऱ्याला सांगितलं. तो चष्म्याच्या दुकानाचा हिशेब करत होता. म्हणाला, "दुखवू नकोस त्यांना." नाही दुखवणार.

४ मार्च, बुधवार

समितीसमोर पहिली सुनावणी. सगळं लिहून ठेवायचं आहे.

लांब टेबल. मधे अध्यक्षबाई, बारीक चणीच्या, शालीत गुरफटलेल्या. मला दोन दहाची नोंद विचारली, मी सांगितली. मग खात्याचे वकील उठले.

ते पाहुणेच होते.

माझ्याकडे बघून हसले, त्या रात्रीसारखंच. "बाई, पूर्ण बरोबर घड्याळ जगात नसतं, हे तुमचंच वाक्य ना?"

म्हटलं, "हो, पण..."

"आणि याच पेटीचं घड्याळ एकदा पन्नासाहून जास्त वर्षं मागे गेलं होतं?"

खोलीत हशा पिकला. मी म्हणाले, बॅटरी संपली होती, ती गोष्ट वेगळी. वकील म्हणाले, "जे घड्याळ पन्नास वर्षं चुकू शकतं ते एकेचाळीस मिनिटं चुकणार नाही, असं तुमचं म्हणणं." पुन्हा हशा. दोन दहात एकेचाळीस मिनिटं मिळवली की दोन एक्कावन्न होतात, म्हणजे त्यांच्या नोंदीत पाणी बरोबर बसतं.

मी मास्तरांकडे पाहिलं. वाटलं, आता ते उठतील. या माणसाला दोन वाक्यांत गप्प करतील. वर्गात टारगट पोरांना करायचे तसं.

ते उठले. म्हणाले, "ही माझी विद्यार्थिनी. अत्यंत कष्टाळू. पण खरं सांगायचं तर घळीतली ती पेटी कधीच भरवशाची नव्हती. मुलीचं मन मोडू नये म्हणून मी आजवर बोललो नाही."

मुलीचं मन मोडू नये म्हणून!

अध्यक्षबाईंनी जुनं घड्याळ मागितलं, तेव्हा मास्तर म्हणाले की त्याच्या बेभरवशीपणामुळेच ते बदलावं लागलं. कोणी बदललं? "माणसं पाठवली होती, हिच्याच संमतीने. किल्ली हिनेच दिली."

दिली होती. हातात ठेवली होती. आभारसुद्धा मानले होते.

५ मार्च

सासूबाईंना सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "केसाने गळा कापला गं तुझा." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. आज लिहवत नाही.

८ मार्च, रविवार

सगळ्यात वाईट काय, सांगू? परवापासून मीच माझ्या घड्याळावर संशय घेते आहे. पहाटे जाग येते आणि वाटतं, खरंच एकेचाळीस मिनिटं मागे पडलं असेल तर? बॅटरी क्षणभर दबली असेल, माझ्या हिशेबातच काही राहिलं असेल. इतकी वर्षं ज्यांनी 'बरोबर' म्हटल्यावर मी बरोबर असायचे, ते म्हणतात चूक.

दुपारी कप्तानची बायको आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना.

"तुमचं घड्याळ चुकीचं होतं म्हणे."

"नाही. मला नाही तसं वाटत."

"वाटत नाही की नव्हतं?" तिने चौकटीवर हात टेकला. ती म्हणाली, "घड्याळ चुकलं असेल तर भोंगा आधी वाजला. भोंगा आधी वाजला असेल तर माझा माणूस दारुडा. पोरं शाळेत तेच ऐकून येतात. तुमच्याबरोबर वर्षानुवर्षं आला तो, ऊन बघितलं नाही, थंडी बघितली नाही. एवढं तरी ठाम सांगा."

"सांगेन," म्हटलं. कसं, ते मलाच माहीत नव्हतं.

१४ मार्च, शनिवार

मास्तरांकडे गेले. काकूंनी दार उघडलं आणि माझं तोंड बघून आत निघून गेल्या. त्यांना काही ठाऊक असावं, किंवा ठाऊक करून घ्यायचं नसावं.

मास्तर बागेत कुंड्यांतली माती उकरत होते. मी उभीच राहिले.

"का?"

त्यांनी खुरपं कुंडीत रोवलं. मग म्हणाले, "मोठे साहेब पाहणीला येणार होते. तिसरा दरवाजा दुरुस्त होऊन आला होता. तो अडकत नाही ना, म्हणून आधी थोडा उघडून बघू म्हटलं. दरवाज्याचं आणि भोंग्याचं कपाट एकच. दुरुस्तीवाल्यांनी भोंग्याची तार काढून ठेवली होती. मी बटण दाबलं, भोंगा गप्प. तोवर दरवाजा वर गेलेला. खाली घ्यायला गेलो तर अडकला." त्यांचा आवाज चिरकला. "अकरा मिनिटं मी ती तार शोधत होतो गं. गुडघ्यांवर. हे हात बघ."

हातांवर काही नव्हतं. माती होती.

मला त्यांची दया आली, हे लिहून ठेवते. त्या क्षणी ते म्हणाले असते की मी उद्या जाऊन खरं सांगतो, तर मी त्यांच्या पाया पडले असते.

"मग हे असंच सांगा ना समितीला. चूक झाली म्हणून सांगा."

"पुढच्या वर्षी निवृत्ती आहे माझी. चाळीस वर्षांचं नाव आहे. तुझं काय जाणार आहे? एक घड्याळ चुकलं, एवढंच. घड्याळं चुकतात, तूच म्हणतेस." मग जवळ आले आणि नेहमीच्या मायेने म्हणाले, "मी तुला घडवलं. एकदा माझ्यासाठी तू चूक ठरलीस तर बिघडलं कुठे?"

"आणि कप्तान?"

"तो आता परत यायचा नाही."

मी निघाले. फाटकाशी काकूंनी हातात डबा दिला, नेहमीसारखा. घेतला. वाटेत पुलाच्या कठड्यावर ठेवून आले.

१७ मार्च, मंगळवार

आज मी शिट्टी वाजवत घरी आले. सासूबाईंना ऐकू आली नाही, पण त्या म्हणाल्या, "तोंडाचा चंबू का झालाय?"

झालं असं. डबा ठेवला त्या पुलावरच आमची दुसरी पेटी आहे. तिला मोकळं आभाळ, उपग्रहाची वेळ, सेकंदाचीही चूक नाही. पाणी तिथे पोचेपर्यंत पसरून सुस्तावतं, त्यामुळे तिच्या पाण्याच्या नोंदीवरून मिनिटांचा निकाल लागत नाही. म्हणून मी तिचा विचारच सोडून दिला होता. पण रविवारी अंथरुणात पडल्या पडल्या आठवलं: ती पेटी शेजारणीचं ऐकते!

घळीतली पेटी दर तासाला बिनतारी हाक देते, 'मी जिवंत आहे, माझ्याकडे इतके वाजले.' पुलावरची ती ऐकते आणि शेजारी स्वतःची वेळ टिपते. दोन्हींतला फरक म्हणजे घळीतल्या घड्याळाची चूक. ही युक्ती मला तंत्रशाळेत मास्तरांनीच शिकवली. "शेजाऱ्याच्या कानाने आपलं घड्याळ तपासा," फळ्यावर दोन घरं काढून शिकवलं होतं. गेल्या वर्षी त्यांनीच ती बंद करायला सांगितली, डेटाचा खर्च वाढतो म्हणून. पण बंद मी केली होती. आणि मी बंद केलं होतं ते कार्यालयात पाठवणं. ऐकणं नव्हतं बंद केलं. जुनं पुसून त्यावर नवं लिहायला तिला दोन महिने लागतात. अजून दोन महिने झाले नव्हते.

नवऱ्याने दुकान बंद केलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा, आजारपण नसताना. शिडी त्यानेच धरली. कार्यालयातून माझं नाव संगणकावरून काढून टाकलं आहे, पण खांबावरच्या पेटीला ते कोण कळवणार? लॅपटॉप जोडला. त्या दिवशीच्या दुपारी दोनची हाक. तीनचीही.

दोन सेकंद.

घळीतलं घड्याळ त्या दुपारी दोन सेकंद मागे होतं.

"किती?" नवऱ्याने खालून विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "दोन सेकंदांसाठी माझं अख्ख्या दिवसाचं गिऱ्हाईक गेलं." आणि शिडी धरून तिथेच रडायला लागला. वेडा.

घड्याळ बरोबर होतं. मी बरोबर होते. मग आनंदाबरोबर हे दुसरं काय दाटून आलंय? इतके दिवस कुठेतरी आशा होती बहुधा. माझंच चुकलं असतं तर मास्तर खरे ठरले असते.

२६ मार्च, गुरुवार

दुसरी सुनावणी. पुलावरच्या पेटीची नोंद मी समितीकडे आधीच दिली होती. बाहेरच्या एका जाणकाराने ती पेटी प्रत्यक्ष उघडून तपासलीही होती. अध्यक्षबाईंनी मला ते सगळ्यांना समजेल असं सांगायला लावलं. मी दोन घरं काढून समजावलं. या वेळी कोणी हसलं नाही.

वकिलांनी विचारलं, ही पद्धत प्रमाण कशावरून? कोणत्या नियमात आहे?

अध्यक्षबाई मला म्हणाल्या, "तुम्हाला कोणी शिकवली?"

बागेतलं बोलणं मी त्यांना सांगितलं नव्हतं. सांगायचं नाही असंच ठरवलं होतं. ते मास्तरांनी त्यांच्या विद्यार्थिनीला सांगितलं होतं, साक्षीदाराला नाही. आणि मला त्यांना एक संधी द्यायची होती, शेवटची. म्हणून नुसतं बोट दाखवलं. "यांनी."

"खरं आहे का?"

मास्तर उठले. त्यांनी श्वास घेतला. मला सासूबाई आठवल्या.

"मी असं काही शिकवल्याचं आठवत नाही," ते म्हणाले. "आणि अशी पद्धत कोणी वापरत असेल तर ती अशास्त्रीय आहे."

हॉलमध्ये मागच्या बाजूला त्यांचे जुने विद्यार्थी बसले होते, पाठिंबा द्यायला आलेले. आमच्याच वर्गातला एक, आम्ही त्याला लंबू म्हणायचो. प्रत्येकाच्या वहीत ती दोन घरं होती. मी मागे वळून बघितलं. एकेकाने मान खाली घातली. कोणी उठलं नाही. लंबू बुटांच्या नाड्या बांधत होता. बिननाडीचे होते.

मला वाटलं होतं राग येईल. नाही आला. मला खोटं पाडलं तेव्हा आला होता. आज त्यांनी स्वतःचं सगळ्यात सुंदर काम लाथाडलं, आणि मला भर खोलीत त्यांची लाज वाटली. एखाद्या म्हाताऱ्या नातेवाइकाने चारचौघांत कपडे काढावेत तशी.

बाहेर आल्यावर लंबू म्हणाला, "तू जरा दमाने घ्यायला हवं होतंस. बापासारखे होते तुला."

म्हटलं, "हो. होते."

२२ एप्रिल, बुधवार

अहवाल आला. घळीतली वेळ विश्वासार्ह. पाणी भोंग्याच्या आधी सोडलं गेलं. दोन एक्कावन्नची नोंद मागाहून केलेली. मृत नावाड्याचा दोष नाही. मास्तर निलंबित, पुढे खटला.

जुन्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलवरच्या गटातून मला काढून टाकलं आहे. शेवटचा निरोप वाचता आला तेवढा वाचला. 'गुरूला फासावर चढवणारी.' खाली वर केलेल्या अंगठ्यांची रांग. ज्यांना मी उत्तरं पुरवून पास केलं त्यांचेही.

कार्यालयात नवे साहेब आले. म्हणाले, तुमचा अभिमान वाटतो. आणि घळीची जबाबदारी दुसऱ्या कोणाकडे द्यायचं चाललंय, "तुमच्याच सोयीसाठी". सोय म्हटलं की आता मी किल्ली घट्ट धरते. नाही दिली.

२५ एप्रिल, शनिवार

कप्तानची बायको आली. आज आत आली, बसली. चहा घेतला. शाळेत आता कोणी पोरांना काही बोलत नाही म्हणाली. कपाच्या काठावरून बोट फिरवत होती.

"एक विचारू? भोंगा वेळेवर वाजला असता, अर्धा तास आधी, तर तो निघाला असता?"

मला खोटं सांगता आलं असतं. सांगता आलं असतं की नदीचं काही सांगता येत नाही, काठ निसरडा, नशीब. तिला ते हवं होतं की नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळेना. मी त्या काठावरून वर चढायची वाट डोळ्यांपुढे आणली. पाच मिनिटं. डांबराचा डबा घेऊन चढला असता तर सात.

"हो," म्हटलं. "आरामात."

तिने मान हलवली. कप विसळून ठेवला, मी नको म्हणत असताना. जाताना म्हणाली, "खरं सांगितलंत." आभार मानले की दोष दिला, ते अजून माझ्या लक्षात येत नाही.

२ मे, शनिवार

संध्याकाळी काकूंचा फोन आला. आवाज ओळखूच आला नाही.

"जेवत नाहीत गं. अंधारात बसून असतात. मुलगा येऊन गेला, त्याच्याशी बोलले नाहीत. तुझं नाव घेतलं काल. म्हणाले, सेकंदबाई येत नाही का आता? तू ये एकदा. तुझं ऐकतील."

"काकू," म्हटलं, "माझं ऐकलं असतं तर..." त्या तिकडे नुसत्या श्वास घेत होत्या. फोन कोणी आधी ठेवला आठवत नाही.

सासूबाई खिडकीत वाटाणे सोलत होत्या. त्यांना फोन ऐकू आला नव्हता, पण म्हणाल्या, "जायचं तर जा. मी नावं ठेवणार नाही."

"आणि नाही गेले तर?"

"तरी नाही."

मी केस नीट केले. पर्स घेतली. दारात जाऊन चप्पल घातली. त्यांच्या घरापर्यंतची वाट मला पाठ आहे. जाऊन काय म्हणायचं तेही जुळवून झालं होतं. जेवा, म्हणायचं. एवढंच. त्यांनी माझा हात हातात घेतला असता, आणि मी तो घेऊ दिला असता. मग काही दिवसांनी, चूक दोघांची होती असं वाटायला लागलं असतं, मलासुद्धा.

बराच वेळ दारात उभी होते. नवरा दुकानातून आला. मला बघून म्हणाला, "निघालीस की आलीस?"

"कुठेच नाही," म्हटलं, आणि चप्पल काढून ठेवली.